ब्रोच उलटा करून बघताना

आजचा विषय आहे जुने ब्रोच, म्हणजे ते जमवणं आणि वापरणं. हा हौसेचा मामला वाटेल, आणि तो आहेच. पण आज आपण एक सवय लावून घेऊ. जुना ब्रोच हातात आला की आधी तो उलटा करायचा. पुढची बाजू कशी आहे हे विकणारा आपल्याला रंगवून सांगतच असतो. मागे टाचणी असते, तिची बिजागरी असते आणि टाचणी अडकवायचा आकडा असतो. त्यांच्याबद्दल तो सहसा बोलत नाही. आपलं बरंचसं काम तिथेच आहे.

ब्रोच मुळात दागिना नव्हे, कापड धरून ठेवायचं साधन. प्राचीन ग्रीक बायका लोकरीचं सलग वस्त्र दोन्ही खांद्यांवर टाचण्यांनी अडकवत. रोमन सैनिकाचा झगा एका खांद्याशी ‘फिब्युला’ने धरलेला असे, आणि ही फिब्युला म्हणजे आपल्या सेफ्टी पिनेची पणजीच. (सेफ्टी पिनेचं पेटंट अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतलं आणि हक्क ४०० डॉलरना विकून टाकले. पुढे त्यावर पैसा कमावला तो दुसऱ्यांनी.) आपल्याकडे नथ, ठुशी, बुगडी, वाकी अशी दागिन्यांची भली मोठी यादी आहे, पण कापडाला टोचून घालायचा दागिना त्यात शोधावा लागतो. कारण उघड आहे. आपलं वस्त्र गुंडाळायचं, खोचायचं, गाठ मारायचं. नऊवारीला कासोटा आणि खोचलेला पदर पुरतो, तिथे टाचणीला काय काम?

आता विकणाऱ्याच्या गोष्टीकडे येऊ. तिचं सगळ्यात नामांकित उदाहरण आहे आयर्लंडचा ‘तारा ब्रोच’. इसवी सन ७०० च्या आसपास घडवलेला हा ब्रोच आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तारा ही आयर्लंडच्या प्राचीन राजांची टेकडी. ब्रोच मात्र त्या टेकडीवर सापडलेला नाही. तो १८५० मध्ये मीथ परगण्यात बेटीस्टाउनजवळ, समुद्रकाठी मिळाला. वॉटरहाउस नावाच्या डब्लिनच्या जवाहिऱ्याने तो विकत घेतला, राजांच्या टेकडीचं नाव त्याला चिकटवलं आणि त्याच्या प्रतिकृती करून विकल्या. लोक त्या हौसेने घालू लागले. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात मूळ ब्रोचही मांडला गेला. नाव खोटं आणि वस्तू अस्सल, असा हा मामला. आमच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचं म्हणजे त्याची मागची बाजूही पुढच्याइतकीच बारीक नक्षीने भरलेली आहे. अंगावर घातल्यावर जी बाजू कुणाला दिसणार नाही, तिच्यावर त्या कारागिराने डोळे फोडून काम केलं.

इतका जुना ब्रोच आपल्या वाट्याला येणार नाही. बाजारात फिरतात ते मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आणि नंतरचे. त्यांचा काळ ओळखताना मागची बाजू बरीच बोलते. जुन्या टाचणीला नुसता इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा आकडा असतो, कुलूप नसतं. टाचणीचं टोकही पुष्कळदा ब्रोचच्या कडेबाहेर डोकावतं, म्हणजे ते जाड कापडात परत खुपसता येई आणि ब्रोच निसटत नसे. फिरवून बंद करायचा सुरक्षित आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळला. ब्रिटिश वस्तूवर नऊ कॅरटचा छाप असेल तर ती १८५४ च्या आधीची नाही, कारण तोवर तिथे तो कस कायद्याने मान्यच नव्हता. नोंदणी केलेल्या नमुन्याचा चौकटच्या आकाराचा छाप १८४२ ते १८८३ या काळातला, त्यानंतर नुसता नोंदणी क्रमांक येतो. पण घाई नको बरं का! आकडा बदललेला असू शकतो. त्याच्या बुडाशी डाखाचा वेगळ्या रंगाचा ओघळ दिसतो का, ते भिंगातून बघायचं.

आता ज्या ब्रोचसाठी आज मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे, ते दुखवट्याचे ब्रोच. १४ डिसेंबर १८६१ रोजी राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला आणि राणीने १९०१ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मरणापर्यंत, काळे कपडे उतरवले नाहीत. दुखवट्याची रीत आधीपासून होतीच, आता तिला राजमान्यता मिळाली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं गाव आहे. तिथल्या कड्यांत जेट मिळतो, म्हणजे कोट्यवधी वर्षं दबून काळं झालेलं लाकूड. त्यावर कोरीव काम करून हजाराहून जास्त माणसं पोट भरू लागली. मागणी वाढली तशा नकला आल्या. काळी काच आली, तिला ‘फ्रेंच जेट’ असं भारदस्त नाव मिळालं. ती हाताला गार आणि जड लागते, तर खरा जेट हलका आणि कोमट. कडक केलेलं रबर आलं, ते उन्हात राहून तपकिरी पडतं. तापलेली सुई टोचून वास घ्यायची एक परीक्षा सांगतात. ती कृपा करून करू नका, वस्तूला कायमचं भोक पडतं.

आणि मग केसांचे ब्रोच. गेलेल्या माणसाचे केस बारीक विणून काचेखाली बसवायचे, भोवती काळा मीना, आणि मागे नाव, मृत्यूची तारीख, वय. हा ब्रोच वाचायचाच मुळी मागून. काळ्याऐवजी पांढरा मीना असेल तर गेलेली व्यक्ती बहुधा लहान मूल किंवा अविवाहित. सोनार दुसऱ्याच कुणाचे केस घालून देतात, असा संशय तेव्हाही असे. म्हणून घरच्या घरी केस विणायची कृती बायकांच्या मासिकांत छापून येई. केस दिसले की दुखवटाच, असंही नाही. प्रेमिक आणि आई-मुलंही एकमेकांचे केस असे जपत. तारीख आणि नाव नसेल तर मृत्यूची गोष्ट जोडायची नाही.

मराठी माणसाला इथे थबकायला होतं. त्याच १८६० च्या दशकात आपल्याकडे, विशेषतः ब्राह्मण घरांत, नवरा गेला की बाईचे दागिने उतरवले जात आणि केशवपन होई. तिकडे विधवेसाठी वेगळे दागिने घडत होते आणि त्यांत मेलेल्याचे केस मानाने बसवले जात होते. तिकडच्या बाईला सुख होतं असा याचा अर्थ नाही. काळे कपडे किती महिने घालायचे, याचे नियम तिच्याही मानेवर होतेच. पण आपल्याला अशुभ वाटणाऱ्या या वस्तूकडे बघताना हा फरक ध्यानात असलेला बरा.

आजच्या बाजारात या ब्रोचचं काय होतं? केस नको म्हणणारी गिऱ्हाइकं बरीच. मग विकणारा काच उचकटून केस फेकतो आणि तिथे खडा किंवा चित्र बसवतो. मागचं नाव घासून काढलं की झाला ‘सुंदर व्हिक्टोरियन ब्रोच’. सोनं तेवढंच राहतं, किंमत कधी कधी वाढतेही. पण कुणीतरी एक माणूस होतं, याचा बहुधा शेवटचा उरलेला पुरावा कचऱ्यात जातो. आमच्या मते असा ब्रोच खुशाल घालावा, ते नाव मागे असू देऊन. घालवत नसेल तर घेऊ नये.

नाव पुसतात तसं नाव लावतातही. इंग्लंडमध्ये मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या संघटनेने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा, हिरवा हे रंग घेतले. १९०९ पासून तुरुंग भोगून आलेल्या बायकांना ‘हॉलोवे ब्रोच’ देऊ लागले. त्याचा नमुना सिल्व्हिया पँकहर्स्ट यांचा. चांदीत संसदेची जाळीदार कमान, आणि तिच्यावर कैद्यांच्या कपड्यांवर असे तो सरकारी बाण, संघटनेच्या तीन रंगांत. हा ब्रोच दुर्मीळ आणि महाग. म्हणून आता ॲमेथिस्ट, मोती आणि पेरिडॉट एकत्र दिसले की विकणारे सर्रास ‘सफ्रेजेट’ अशी चिठ्ठी लावतात. ही खड्यांची जोडी १९०८ च्या आधीपासून लोकप्रिय होती, मोती तर घरोघरी. चळवळीचे दागिने दुकानांत विकले गेले हे खरं, पण पुरावा नसताना प्रत्येक तिरंगी ब्रोचला ते बिरूद दिलं की तुरुंगात गेलेल्या बाईची खूण आणि वाढदिवसाची भेट एकाच ट्रेमध्ये येऊन पडतात.

आपल्याकडे ब्रोच आला तो मुंबईच्या वाटेने. आयसीएस झालेल्या सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर १८६० च्या दशकात मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनीदेवींनी पारशी बायकांची साडी बघितली आणि तिच्यात फेरफार करून, ब्लाउज घालून पदर डाव्या खांद्याशी ब्रोचने अडकवायची पद्धत बंगालमध्ये नेली. आपल्या घरांतल्या जुन्या फोटोंत फुग्याच्या बाह्यांचं पोलकं आणि खांद्यावर ब्रोच घातलेली एखादी पणजी बसलेली असते, ती याच काळाची लेक. तो ब्रोच अजून कपाटात असेल तर उलटा करून बघा, छाप कुठला आहे ते.

वापरण्याबद्दल दोन शब्द. हे ब्रोच जाड लोकरीसाठी केलेले, आपली साडी पातळ. रेशमावर जड ब्रोच लावला तर धागा ओढला जातो. मागून कापडाची छोटी घडी ठेवून टाचणी दोन्हींतून काढावी. केसांचा ब्रोच पाण्यात बुडवायचा नाही, काचेखाली ओल गेली की केस कुजतात. आकडा अगदीच झिजला असेल तर सोनाराला आधी सांगा की घासूनपुसून चकचकीत करायचं नाही, मागच्या अक्षरांना हात लावायचा नाही, आणि उतरवलेला जुना आकडा परत हवा आहे. तो छोट्या पाकिटात घालायचा, वर दुरुस्तीची तारीख लिहायची आणि पाकीट ब्रोचच्याच डबीत ठेवायचं.