काकूंची बाल्कनी कुठे गेली?

आजची गोष्ट खोपटमध्ये सुरू होते आणि थेट १९६३ सालात जाते.

आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची मीटिंग होती. नव्या इमारतीचा प्लॅन सगळ्यांना मोबाईलवर बघता यावा म्हणून मी एक वेबपेज बनवलं होतं. शेजारच्या काकूंनी दोन बोटांनी झूम केलं आणि त्यांची बाल्कनीच गायब! "अरे, आमची बाल्कनी कापली का?" सगळे एकदम गप्प. आधीच बिल्डरवर विश्वास कमी, त्यात हे.

रात्री कोड उघडला. मी वापरलेली ग्राफिक्स लायब्ररी प्रत्येक खोलीभोवती एक अदृश्य चौकट लावते. चौकटीबाहेरचं दिसत नाही. याला म्हणतात क्लिपिंग.

हा प्रश्न जुना आहे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' बनवलं. टीएक्स-२ कॉम्प्युटरवर लाइट पेनने चित्र काढायचं. चित्राची जागा जेमतेम सात इंच, पण झूम सुमारे २००० पट! म्हणजे स्क्रीन हा कागद नव्हता, भल्यामोठ्या कागदावर उघडणारी खिडकी होती. मग खिडकीबाहेर जाणारी रेघ कापायची कशी?

१९६७ मध्ये विमानाच्या सिम्युलेटरवर काम करताना डॅनी कोहेन आणि सदरलँड यांनी सोपी युक्ती काढली. रेघेच्या प्रत्येक टोकाला चार बिट द्यायचे: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. सगळे बिट शून्य असतील तर रेघ पूर्ण आत. दोन्ही टोकं एकाच बाजूला बाहेर असतील तर रेघ सोडून द्या. बाकी वेळी कापून बघा. अट एकच: रेघ आणि खिडकी एकाच मापात हवी.

आमचं तिथेच चुकलं होतं. ब्राउझरमधला कॅनव्हास ॲपलने २००४ मध्ये आणला. त्यात क्लिप लावताना जो झूम चालू असेल, त्याच मापात चौकट पक्की होते. लायब्ररी आधी क्लिप लावत होती, मग झूम. चित्र दुप्पट व्हायचं, चौकट तेवढीच राहायची. मी टेस्टिंग फक्त १०० टक्क्यांवर केलं होतं, तिथे दोन्ही मापं सारखीच. मग कळणार कसं?

दोन ओळींची अदलाबदल केली: आधी झूम, मग क्लिप. ग्रुपवर नवी लिंक टाकली आणि लिहिलं, चूक माझ्या पेजची होती, प्लॅनची नाही.

काकूंचा लगेच फोन, "दिसली रे बाबा! आता किचन किती फुटांचं आहे ते सांग."

भेटू पुढच्या भागात!