जुन्या युद्धविमानांच्या उडत्या प्रतिकृती : मुंबईच्या ‘लायसँडर’चे उदाहरण

कफ परेडच्या मच्छीमार नगरासमोर बॅक बेचे पाणी पसरलेले आहे. पलीकडे नरिमन पॉइंटच्या इमारती, त्यामागे मलबार हिलची रेघ आणि वर, या शहरात दुर्मीळ असलेले, मोकळे आकाश. रिमोटवर चालणारे छोटे विमान उडवण्यास याहून चांगली जागा दक्षिण मुंबईत सापडणार नाही, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र अशा उड्डाणासाठी ही शहरातील सर्वांत अवघड जागांपैकी एक आहे. नौदलाचा ‘आयएनएस शिक्रा’ हा हेलिकॉप्टर तळ येथून जवळच, कुलाब्यात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी रबरी होडीतून उतरले ते बधवार पार्कलगतच्या याच कोळी वस्तीच्या किनाऱ्यावर. तेव्हापासून या पट्ट्यात आकाशातील कोणतीही अनोळखी वस्तू खेळणे म्हणून पाहिली जात नाही.

विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचा छंद मुंबईत यामुळे दोन तुकड्यांत विभागला गेला आहे. बांधणी घरात होते, उड्डाण शहराबाहेर. या छंदाची सर्वांत कठीण शाखा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लढाऊ विमानांच्या प्रमाणबद्ध, उडणाऱ्या प्रतिकृती. जगभर या शाखेत स्पिटफायर, मुस्टँग, मेसरश्मिट यांचे राज्य आहे. मुंबईकराला मात्र त्यांच्याइतकेच जवळचे वाटावे असे एक विमान आहे, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात नाही. त्याचे नाव वेस्टलँड लायसँडर.

१९४१ साली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनला लायसँडर विमाने मिळाली. त्यांचा खर्च ‘बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंड’ या युद्धनिधीतून, म्हणजे मुंबई इलाख्यातील देणग्यांतून भागवण्यात आला होता. या तुकडीला त्यामुळे ‘बॉम्बे स्क्वाड्रन’ असेही म्हटले जाई. लायसँडर हे तसे झुंजीचे विमान नव्हते. शत्रूच्या हालचाली टिपणे, तोफखान्याला मार्गदर्शन करणे, निरोप पोहोचवणे ही त्याची कामे. तरीही फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील टाउंगू येथे पोहोचल्यावर जपान्यांनी विमानतळावर बॉम्बफेक केली, तेव्हा स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी लायसँडरला अडीचशे पौंडी बॉम्ब लावून जपानी तळावर एकट्याने हल्ला चढवला. युरोपात याच जातीची विमाने रात्रीच्या चंद्रप्रकाशात फ्रान्समधील शेतांत उतरून हेरांची ने-आण करत होती.

शेतात उतरू शकणारे विमान म्हटल्यावर प्रतिकृती बनवणाऱ्याचे डोळे चमकावेत, हे स्वाभाविक आहे. लायसँडरचे पंख धडाच्या वर आहेत. चाके आत घेता येत नाहीत, त्यामुळे ती आत-बाहेर करणारी नाजूक यंत्रणा बसवावी लागत नाही. पंखांचा व मागच्या धडाचा बराच भाग मुळातच कापडाने मढवलेला होता. नवशिक्याने स्पिटफायरला हात घालण्यापूर्वी असे विमान निवडणे शहाणपणाचे, असा सल्ला या क्षेत्रात दिला जातो. अर्थात सोपेपणाही बेताचाच. लायसँडरचा पंख मुळाशी अरुंद, मध्ये रुंद आणि टोकाकडे पुन्हा निमुळता आहे, म्हणजे आतील प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची कापावी लागते.

प्रमाणबद्धतेचे गणित मुळातून समजून घेण्याजोगे आहे. मूळ लायसँडरच्या पंखांचा विस्तार १५.२४ मीटर. एक षष्ठांश प्रमाण धरले तर प्रतिकृतीचा विस्तार २.५४ मीटर भरतो. लांबी सहाव्या हिश्शाने कमी झाली, की क्षेत्रफळ छत्तिसाव्या हिश्शावर येते आणि घनफळ दोनशे सोळाव्या. मूळ विमानाचे भरलेले वजन सुमारे २८६६ किलो होते. त्याला २१६ ने भागले तर १३ किलोंहून थोडे अधिक येते. मूळ विमान ताशी १०४ किलोमीटरपेक्षा कमी वेगाला पंखांचा आधार गमावत असे. याच हिशेबाने १३ किलोंच्या प्रतिकृतीची ही मर्यादा ताशी सुमारे ४२ किलोमीटर होते.

येथेच खरी अडचण उभी राहते. मूळ विमानाचा सर्वाधिक वेग ताशी ३४१ किलोमीटर. जमिनीवरून पाहणाऱ्याला प्रतिकृती खऱ्या विमानासारखी भासायची, तर तिने याच्या सहाव्या हिश्शाने, म्हणजे ताशी ५७ किलोमीटरपेक्षा अधिक धावू नये. खाली ४२ ची मर्यादा आणि वर ५७ ची. या चिंचोळ्या पट्टीत वारा, वळण आणि उतरणे सगळे सांभाळायचे. सुटकेचा मार्ग एकच, तो म्हणजे वजन कमी करणे. तीच प्रतिकृती ८ किलोंत बसवली तर खालची मर्यादा ताशी ३३ किलोमीटरपर्यंत उतरते आणि विमान डौलाने उडू लागते. शिवाय आकार लहान झाल्यावर हवेचा चिकटपणा तुलनेने अधिक जाणवतो व पंखाची कार्यक्षमता घटते, म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडी सूट ठेवावीच लागते.

पण वजन कमी करायचे तर हुबेहूबपणा कोठे कापायचा? रिव्हेटचे ठिपके, काचेखालचे उपकरणांचे फलक, बसलेल्या वैमानिकाचा पुतळा, रंगाचा प्रत्येक थर, सर्व काही तराजूत पडते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या प्रतिकृती स्पर्धांत विमानाला आधी जमिनीवर आराखडे व छायाचित्रांशी ताडून गुण देतात आणि नंतर उड्डाणाच्या वास्तवतेवर. दोन्हींत पहिला यावा असे विमान बनवणारा माणूस सुतार, रंगारी, विद्युत तंत्रज्ञ आणि इतिहासाचा अभ्यासक, असा चौघांचा मिळून एक असावा लागतो.

इतिहासाचा अभ्यास ही येथे शोभेची गोष्ट नाही. जपानी विमानांवरील लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून पूर्वेकडील आघाडीवरील विमानांच्या गोल चिन्हातून पुढे लाल रंग काढून टाकण्यात आला. १९४१ च्या बॉम्बे स्क्वाड्रनचे विमान म्हणून केवळ निळ्या छटांचे चिन्ह रंगवले, तर बाकीचे काम कितीही सुबक असले तरी ते चुकीचेच. अशा चुका बाजारातील तयार संचांत हमखास आढळतात.

बांधणीसाठी आजही बाल्सा लाकडाला तोड नाही. इक्वाडोरहून येणारे हे लाकूड अतिशय हलके, पण वजनाच्या मानाने चिवट असते. फासळ्या बाल्साच्या, ताण पडेल तेथे पातळ प्लायवूड, चाकांच्या पायांना पोलादी तार, वरून उष्णतेने आकसणारी फिल्म किंवा कापड, असा सर्वसाधारण क्रम. मुंबईत दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. पावसाळी दमटपणाने लाकूड फुगते आणि ताणलेली फिल्म सैल पडते. दुसरी गोष्ट जागेची. अडीच मीटरचा पंख चाळीच्या खोलीत वा इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून तो मधोमध दोन भागांत करून ॲल्युमिनियम वा कार्बनच्या नळीवर जोडण्याची सोय सुरुवातीलाच आखावी लागते.

शक्तीसाठी पूर्वी मिथेनॉल व एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारी छोटी इंजिने वापरत. त्यांचा धूर, तेलकट डाग आणि आवाज सर्वश्रुत आहे. आता लिथियम-पॉलिमर बॅटरी व ब्रशविरहित मोटर यांनी लहान-मध्यम विमाने जवळपास काबीज केली असून मोठ्यांसाठी पेट्रोल इंजिने आहेत. नियंत्रणातील बदल त्याहून मोठा. जुन्या संचांत प्रत्येकाची ठराविक वारंवारिता असे. मैदानावर दोघांनी चुकून एकच वाहिनी लावली, की एकाचे विमान हमखास कोसळे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील संचांनी ही भीती संपवली. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.

उड्डाणापूर्वीची सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे गुरुत्वमध्य. तो पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान यावा लागतो. नाक आखूड असलेल्या विमानांत त्यासाठी पुढे शिसे भरावे लागते आणि मेहनतीने वाचवलेले वजन पुन्हा परत येते. लायसँडरची आणखी एक खोड प्रसिद्ध आहे. उतरताना शेपटीचा तोल नाक वर धरण्यासाठी लावलेला असतो. त्याच अवस्थेत अचानक पूर्ण शक्ती दिली, तर विमान नाक उचलून आवरेनासे होते. मूळ वैमानिकांचे प्राण घेणारा हा दोष प्रतिकृतीतही उतरतो. उतरणे फसले तर शक्ती हळूहळू वाढवावी, हे अनुभवी मंडळी बजावतात ते उगाच नव्हे.

मूळ लायसँडर पाहायचे तर दिल्लीतील पालमचे हवाई दल संग्रहालय गाठावे लागते. मुंबईकरांना एकेकाळी युद्धविमाने घराजवळ पाहता येत. २००१ ते २०१२ या काळात ‘विक्रांत’ नौका संग्रहालय म्हणून खुली होती आणि तिच्यावर १९७१ च्या युद्धात लढलेल्या सी हॉक व अलिझे जातीची विमाने होती. ती नौका २०१४-१५ मध्ये मोडीत निघाली. आता सी हॉकची मापे घेणाऱ्याला गोव्यातील नौदलाचे विमान संग्रहालय हाच जवळचा पर्याय आहे. सी हॉकच्या प्रतिकृतीत पोटात झाकलेला विद्युत पंखा बसवतात. जेट टर्बाइन बसवणारेही आहेत, पण तो खेळ वेगळ्याच खिशाचा.

राहिला प्रश्न उडवण्याचा. २०२१ च्या ड्रोन नियमांत ‘मॉडेल’ विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. २५ किलोंपर्यंतचे, शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठीचे आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेले विमान त्यात मोडते व त्याला प्रकार-प्रमाणपत्राची गरज नसते. चालकाच्या परवान्यातून मिळणारी सूट मात्र अव्यावसायिक वापराच्या २ किलोंपर्यंतच्या यंत्रांनाच आहे. म्हणजे ८ किलोंचे लायसँडर त्याबाहेर जाते. आकाशाची लाल, पिवळी व हिरवी अशी विभागणी असून लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना काहीही उडवता येत नाही. याशिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवर चालणारी छोटी विमाने यांच्यावर शहरभर बंदी घालतात.

सुरक्षेचे कारण कोणी नाकारणार नाही. पण या नियमांचा रोख कॅमेरे व सामान वाहणाऱ्या ड्रोनवर आहे आणि त्यात हाताने बांधलेली प्रतिकृती विनाकारण भरडली जाते, ही छंदिष्टांची तक्रार दुर्लक्षून चालणार नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमान प्रतिकृती हा आजही प्रशिक्षणाचा भाग आहे. शहरात एखादे ठरलेले मैदान, ठरलेली वेळ आणि पोलिसांकडे नोंद, अशी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. तोवर पंख दोन भागांत सोडवून गाडीत घालायचे आणि दुपारचे समुद्री वारे सुटण्याआधी, पहाटेच शहराबाहेरच्या माळरानावर पोहोचायचे, हाच मुंबईतील क्रम आहे.