लेस पॉल : आदरांजली आणि श्रेयाचा हिशोब

१२ ऑगस्ट २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट प्लेन्स या गावी लेस पॉल हा गिटारवादक न्यूमोनियाने वारला, तेव्हा त्याचं वय ९४ होतं. १९८४पासून तो दर सोमवारी न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवत असे. आधी 'फॅट ट्यूजडेज'मध्ये आणि १९९६पासून 'इरिडियम'मध्ये. संधिवाताने बोटं आखडली होती, काहींनी तर साथ देणंच सोडलं होतं, पण उरलेल्या बोटांवर त्याची मैफल चालू होती. जगातले नावाजलेले गिटारवादक त्या लहानशा क्लबात ऐकायला यायचे, बोलावणं आलं की मंचावर जाऊन त्याच्या शेजारी वाजवायचे.

तो गेल्यावर संगीतकारांनी त्याला आपापल्या परीने आदरांजली वाहिली. ३१ जानेवारी २०१० रोजी ग्रॅमी सोहळ्यात इंग्लंडचा जेफ बेक आणि आयर्लंडची गायिका इमेल्डा मे यांनी त्याचं गाजलेलं 'हाऊ हाय द मून' सादर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये, ९५व्या जयंतीच्या सुमाराला, जेफ बेकने त्याच 'इरिडियम'मध्ये केवळ त्याच्या आठवणीसाठी मैफल केली. स्टीव्ह मिलरसारख्या रॉक संगीतकाराला तर हा घरचाच माणूस होता. मिलरचे आईवडील लेस पॉलच्या लग्नातले जवळचे साक्षीदार, आणि लेस पॉल मिलरचा धर्मपिता. लहानग्या मिलरला गिटारचे पहिले धडे त्यानेच दिले.

या सगळ्या आदरांजल्यांमध्ये आणि वर्तमानपत्री मृत्युलेखांमध्ये एक वाक्य हमखास असायचं : इलेक्ट्रिक गिटारचा आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचा हा जनक. मला लिहायचं आहे ते या 'जनक' शब्दाबद्दल. माणूस मोठा होता यात वाद नाही. पण मोठ्या माणसाचं मोठेपण सांगताना आपण किती जणांची नावं पुसतो, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. तो फक्त अमेरिकेपुरता नाही. आपल्यालाही तो लागू आहे.

आधी त्याचं काम पाहू. मूळ नाव लेस्टर पोल्सफस. जन्म ९ जून १९१५, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावी. घरी आईचा आपोआप वाजणारा पियानो होता. कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडलेली असतात, गुंडाळी फिरते आणि भोकांप्रमाणे पट्ट्या वाजतात. या पोराने त्या कागदाला स्वतःची भोकं पाडून बघितली. मूळ सुरावटीत नवे सूर घातले, नको असलेली भोकं बुजवली. आयुष्यभर त्याने जे केलं त्याचं बीज इथेच आहे. आधीच नोंदवलेल्या संगीतावर आणखी संगीत चढवायचं.

किशोरवयात तो रस्त्याकडेच्या एका खाद्यगृहाबाहेर गाडीतल्या गिऱ्हाइकांसाठी वाजवत असे. गाण्याचा आवाज पोचतो पण गिटार ऐकू येत नाही, अशी तक्रार आली. त्याने घरच्या ग्रामोफोनची सुई गिटारच्या लाकडात खुपसली आणि रेडिओचा उपयोग आवाज वाढवायला केला. आवाज वाढला, पण नवी अडचण उभी राहिली. गिटारचं पोकळ अंग स्वतःच थरथरायचं आणि स्पीकरचा आवाज त्यात शिरून शीळ घुमायची. मग त्याने गिटारच्या पोटात चिंध्या कोंबल्या. पुढे थेट रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणून पाहिली. तार जितक्या घट्ट आणि न हलणाऱ्या वस्तूवर बसेल तितका सूर जास्त वेळ टिकतो, हे त्याच्या लक्षात आलं.

१९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात रविवारी, कामगार नसताना, त्याने पाइनच्या चार बाय चार इंची ओंडक्याला गिटारची मान, तारा आणि स्वतः गुंडाळलेले पिकअप लावले. या वाद्याचं नावच 'लॉग', म्हणजे ओंडका. तो स्वतः सांगायचा की नुसता ओंडका घेऊन वाजवला तेव्हा कोणी विचारलं नाही. मग एका जुन्या गिटारचं अंग मधोमध कापून दोन बाजूंना पंखांसारखं लावलं, आणि तीच माणसं खूश झाली. लोक डोळ्यांनी ऐकतात, हा त्याने काढलेला निष्कर्ष. गिब्सन कंपनीकडे तो हे वाद्य घेऊन गेला तेव्हा त्यांनी त्याला हसून वाटेला लावलं.

दुसरं काम रेकॉर्डिंगचं. त्या काळी रेकॉर्डिंग म्हणजे सगळे वादक-गायक एका खोलीत, समोर मायक्रोफोन, आणि एकदम सगळं गाणं. कोणी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. लेस पॉलने हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये तबकड्या कोरायचं यंत्र बसवलं. त्याला कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील वापरलं, कारण ते एकसारखं फिरतं. एक गिटार तबकडीवर नोंदवायची, ती तबकडी वाजवत तिच्याबरोबर दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायच्या. असे थर चढवत जायचं. मधेच तबकडी संथ फिरवून नोंद घेतली की ती नेहमीच्या गतीने वाजवताना गिटार दुप्पट वेगाने आणि वरच्या पट्टीत ऐकू यायची. १९४८मध्ये कॅपिटल कंपनीने काढलेल्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत एकट्या लेस पॉलच्या आठ गिटारी आहेत.

त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमामध्ये बर्फाळ रस्त्यावर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि उजव्या हाताचा कोपर चुरडला गेला. कोपर पुन्हा वाकणार नव्हता. त्याने डॉक्टरांना सांगून तो गिटार धरता येईल अशा कोनातच कायमचा बसवून घेतला. बरं व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला.

१९४९मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचं टेप रेकॉर्डर भेट दिलं. लेस पॉलने त्या यंत्रात पुसणाऱ्या हेडच्या आधी एक जादा हेड बसवलं. त्यामुळे टेपवरचं जुनं संगीत वाचून, त्यात नवं मिसळून, पुन्हा त्याच टेपवर नोंदवता येऊ लागलं. धोका असा की जुनी नोंद त्याच क्षणी पुसली जायची. दहाव्या थराला चूक झाली तर आधीचे नऊही गेले. या पद्धतीने १९५१मध्ये 'हाऊ हाय द मून' तयार झालं आणि अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढे अँपेक्सने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचं यंत्र बनवलं. १९५७मध्ये ते त्याच्या घरी आलं. किंमत होती सुमारे दहा हजार डॉलर. त्यावर प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर राहायचा, एक बिघडला तर तेवढाच पुन्हा घ्यायचा. आज कुठलंही गाणं याच तत्त्वावर तयार होतं.

इतकं काम केलेल्या माणसाला 'जनक' म्हटलं तर बिघडलं कुठे? आता हिशोबाची दुसरी बाजू.

विजेवर चालणारी गिटार रिकनबॅकर कंपनीने १९३२मध्येच बाजारात आणली होती. तव्यासारख्या दिसणाऱ्या त्या वाद्याची कल्पना जॉर्ज बोशॉं याची. भरीव अंगाची गिटार पॉल बिग्सबी याने १९४८मध्ये मर्ल ट्रॅव्हिससाठी बनवली, आणि लिओ फेंडरने १९५०मध्ये अशी गिटार कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली. फेंडरचा धंदा चालताना पाहून गिब्सनवाल्यांना ओंडकेवाला आठवला. १९५२मध्ये 'गिब्सन लेस पॉल' बाजारात आली. तिच्या घडणीत टेड मॅकार्टी आणि गिब्सनच्या कारागिरांचा वाटा फार मोठा आहे. नाव मात्र लेस पॉलचं. तिचा जो भारदस्त आवाज पुढे एरिक क्लॅप्टन आणि जिमी पेजने जगभर नेला, त्यामागचा पिकअप सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने तयार केला.

रेकॉर्डिंगचंही तसंच. १९४१मध्ये न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय वादक सिडनी बेशे याने 'द शेक ऑफ अरबी' या गाण्यातली सहाही वाद्यं एकट्याने वाजवून एकावर एक चढवली होती. १९४४मध्ये कैरोत हलीम अल-दब्ब या तरुणाने रेडिओ केंद्राचं तारेवर ध्वनी नोंदवणारं यंत्र घेऊन बायकांच्या 'झार' विधीतले आवाज टिपले, नंतर त्यांवर प्रक्रिया करून एक स्वतंत्र रचना उभी केली. युरोपातल्या प्रसिद्ध प्रयोगांच्या आधीची ही गोष्ट. टेपचं तंत्र मुळात जर्मनीचं. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकाने तिथून दोन यंत्रं आणली, म्हणून ते क्रॉस्बीपर्यंत आणि त्याच्यामार्फत लेस पॉलपर्यंत पोचलं. आठ ट्रॅकच्या यंत्रात ज्या युक्तीमुळे सगळे आवाज एका तालात राहतात, ती अँपेक्सच्या रॉस स्नायडरची.

आणि मेरी फोर्ड? 'हाऊ हाय द मून'मध्ये ऐकू येतो तो एकाच बाईचा आवाज, अनेक थरांत. ती लेस पॉलची बायको, स्वतः उत्तम गिटार वाजवणारी. मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन हळू आवाजात गाणं, प्रत्येक थर पहिल्याशी तंतोतंत जुळेल असं गाणं, आणि एका चुकीने सगळं पुसलं जाईल हे माहीत असताना गाणं, हे तिने केलं. यंत्र कितीही हुशार असलं तरी त्याला न चुकणारा गळा लागत होता. १९६४मध्ये दोघांचा घटस्फोट झाला, १९७७मध्ये ती ५३ वर्षांची असताना वारली. १९८८मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला तो एकट्या लेस पॉलचा.

हे सगळं मी त्याला लहान करण्यासाठी सांगत नाही. 'जनक' हा शब्द काढून टाकला तरी लेस पॉल उरतोच, उलट जास्त स्पष्ट दिसतो. सुटे धागे अनेकांच्या हाती होते. वादक, गाणं जुळवणारा आणि यंत्राशी खटपट करणारा असे तिघे एकाच माणसात होते, म्हणून ते धागे त्याच्याकडे येऊन विणले गेले. प्रयोगशाळेतली युक्ती त्याने लोकांच्या ओठांवरचं गाणं बनवली.

आता आपल्याकडे वळतो. गिटारचा विषय निघाला की आपल्यातले काही जण लगेच म्हणतात, गिटार तर आपणच दिली. 'कीतारा' हा अरबी शब्द आहे, झिरयाबने कॉर्डोबात ऊदला पाचवी तार लावली, बगदादच्या बनू मूसा भावांनी नवव्या शतकात आपोआप वाजणारी बासरी बनवली. यातलं काहीच टाकाऊ नाही. खिळे बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर सुरावट नोंदवायची बनू मूसांची कल्पना लेस पॉलच्या आईच्या पियानोची दूरची पूर्वज शोभेल. पण 'कीतारा' शब्दाच्या मागे ग्रीक 'किथारा' उभा आहे. आणि झिरयाबच्या बऱ्याच कहाण्या आपल्याला अल-मक्करीकडून मिळतात, जो त्याच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी लिहीत होता. आपला वाटा दुसऱ्यांनी पुसला याचं दुःख खरं आहे. म्हणून आपण इतरांचा वाटा पुसून सगळं आपल्या नावावर करावं, हे त्यावरचं औषध नाही. जो न्याय मेरी फोर्डसाठी मागायचा, तोच ग्रीकांसाठीही द्यायचा.

खरी आदरांजली कशी असते याचा एक नमुना आपल्याच महाराष्ट्रात आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७मध्ये ते गेले. तेव्हापासून उरुसात गायक-वादक तिथे हजेरी लावतात. त्यात धर्म विचारला जात नाही, घराणंही नाही. त्याच मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. शस्त्रं घासणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे बनवायला घेतले आणि त्यांच्या वंशजांनी ते काम आजवर चालवलं. देशातल्या कितीतरी मोठ्या मैफलींतले तंबोरे इथून गेले. पत्रिकेवर गवयाचं नाव असतं, तंबोरा कोणी लावला आणि भोपळा कोणी कोरला हे नसतं. पण मिरजेत कबर आणि कारागिराचं दुकान एकाच गावात असल्यामुळे दोन्हींची आठवण एकत्र राहते.

लेस पॉलला वॉकेशामध्ये आईच्या शेजारी दफन केलं. त्याचं संगीत ऐकायचं असेल तर 'हाऊ हाय द मून'पासूनच सुरुवात करा. गिटार कानावर येईलच, ती चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा मात्र फक्त मेरी फोर्डचे आवाज मोजायचा प्रयत्न करा.