दोन वर्षांची मनोरमा आणि विलायतेची आगबोट

देवणीहून एसटीनं पुण्याला जायचं, तर लहान लेकरू सोबत न्यावं का, याचा आपण दहा वेळा विचार करतो. १८८३ साली पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून आगबोटीनं थेट इंग्लंडला निघाल्या.

आदल्याच वर्षी नवरा पटकीनं गेला होता. आईवडील त्याआधीच दुष्काळात गेले होते. लेकराला ठेवायचं कुणाकडे? म्हणून सोबत नेलं. मदतीला आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं तेव्हा लोक म्हणत. त्यात ही तर विधवा बाई!

भाड्याचे पैसे कुठून आले? रमाबाईंनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या विक्रीतून तिकिटाची तजवीज झाली. म्हणजे बाईच्या स्वतःच्या कमाईवर मायलेकी समुद्रापार गेल्या.

पुढं १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. तो सोहळा बघायला रमाबाई गेल्या, तेव्हाही मनोरमा संगं होतीच. हीच मनोरमा मोठेपणी आईच्या कामात उभी राहिली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता; त्याच राज्यातल्या गुलबर्ग्याला १९१२ साली शाळा निघाली, ती मनोरमेनं सांभाळली.

सख्यांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: लेकरू लहान म्हणून कुणाचं प्रशिक्षण अडलंय? आणि लेकरासकट तिला पाठवायची सोय आपण कशी करायची?