प्रकल्पातील बदल-विनंती : शिक्का म्हणजे तपासणी नव्हे

प्रकल्पाची कार्यव्याप्ती, वेळापत्रक व अंदाजपत्रक यांना मंजुरी मिळाली, की त्या तिहींचा मिळून मूळ आराखडा ठरतो. पुढील सर्व काम याच आराखड्याशी ताडून पाहिले जाते. परंतु प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर ग्राहकाच्या गरजा बदलतात, ठरलेली सामग्री मिळत नाही, आधीच्या चुका उघडकीस येतात. अशा वेळी मूळ आराखड्यात फेरफार सुचविणारा जो रीतसर प्रस्ताव मांडला जातो, त्यास बदल-विनंती म्हणतात. सॉफ्टवेअर क्षेत्रात ती ‘चेंज रिक्वेस्ट’ या नावाने परिचित आहे. बांधकामातील ‘जादा बाबी’ हाही तिचाच एक प्रकार होय.

विनंतीची वाटचाल

पहिली पायरी नोंदीची. विनंती कोणीही करू शकतो. मात्र ती लेखी असावी, तिला क्रमांक मिळावा आणि बदल कोणता व कशासाठी, हे तीत स्पष्ट असावे. दुसरी पायरी परिणामांच्या मूल्यमापनाची. खर्च, मुदत, दर्जा, सुरक्षितता आणि करारातील अटी यांवर बदलाचा काय परिणाम होईल, हे त्या त्या विषयाच्या जाणकाराने तपासावयाचे असते. तिसरी पायरी निर्णयाची. मोठ्या प्रकल्पांत हा अधिकार बदल नियंत्रण मंडळाकडे असतो. मंडळ विनंती मान्य करते, फेटाळते किंवा पुढे ढकलते. फेटाळलेल्या विनंतीचीही कारणांसह नोंद ठेवली जाते. त्यानंतर आराखडे, नकाशे व वेळापत्रक सुधारून संबंधितांना कळविले जाते आणि बदल ठरल्याप्रमाणे अमलात आला की नाही, याची खातरजमा होते.

यांतील दुसरी पायरी गाळली गेली, तर बाकीच्या पायऱ्या केवळ कागदोपत्री उरतात. याचे विदारक उदाहरण अमेरिकेत घडले.

कॅन्सस सिटीची दुर्घटना

मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या पातळीवर, एकाखाली एक असे दोन पादचारी पूल छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले होते. मूळ संकल्पनेत छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकसंध सळई होती व दोन्ही पूल आपापला भार तिच्यावर स्वतंत्रपणे टाकीत. एवढ्या लांब सळईला आटे पाडणे व ते शाबूत ठेवणे गैरसोयीचे होते. म्हणून सळईचे दोन भाग करण्याचा बदल पुढे आला : छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत एक, आणि त्या पुलाच्या तुळयांपासून खालच्या पुलापर्यंत दुसरी.

कागदावर हा फरक किरकोळ दिसत होता. प्रत्यक्षात खालचा पूल आता वरच्या पुलालाच लटकला आणि वरच्या सांध्यावरील भार जवळजवळ दुप्पट झाला. या बदलाच्या नकाशांवर अभियंत्यांचा शिक्का उमटला. भाराचे गणित मात्र नव्याने मांडले गेले नाही.

१७ जुलै १९८१ रोजी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले. ११४ जण मृत्युमुखी पडले व दोनशेहून अधिक जखमी झाले. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सच्या तपासात आढळले, की मूळ संकल्पनेतील सांधाही नियमांनी आवश्यक ठरविलेल्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच होता. बदलानंतर ती क्षमता जेमतेम ३० टक्क्यांवर आली. म्हणजे बदलाच्या निमित्ताने सांध्याची फेरतपासणी झाली असती, तर मूळचा दोषही हाती लागण्याची संधी होती. पुढे जबाबदार अभियंत्यांचे मिझुरीतील परवाने रद्द झाले.

व्यवस्थापकाने काय पाहावे?

बदलाचे महत्त्व त्याच्या आकारावरून किंवा खर्चावरून ठरवू नये. तो कोणत्या भागाला स्पर्श करतो आणि त्या भागावर आणखी काय अवलंबून आहे, हे पाहावे. दूरध्वनीवरील संमती लेखी येईपर्यंत संमती मानू नये. तातडीच्या प्रसंगी आधी कृती करावी लागली, तरी नोंद व मूल्यमापन विनाविलंब पूर्ण करावे. आणि स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : याचे गणित कोणी केले आहे, आणि ते कोठे आहे? उत्तर मिळेपर्यंत विनंती प्रलंबित ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही.