राजेळी केळे : वसई आणि पनामा

पोर्तुगीज अमदानीत कोकण किनाऱ्यावर अनेक परदेशी वनस्पती आल्या. बटाटा, काजू, अननस ही नावेच त्या आगमनाची साक्ष देतात. 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेली वसई 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. त्यामुळे तेथील केळीच्या बागा व प्रसिद्ध सुकेळी हीदेखील पोर्तुगीजांचीच देणगी असावी, असे अनुमान सहज सुचते. परंतु ते पुराव्यास उतरत नाही.

पहिला पुरावा भाषेचा आहे. अमरकोशात कदली, रंभा, मोचा हे पर्यायशब्द आढळतात आणि मराठी 'केळ' हा शब्द प्राकृताच्या मार्गाने कदलीपासूनच आलेला आहे. याउलट, नावाची उसनवारी पोर्तुगीजांनाच करावी लागली. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने केळ्याचा विचार 'हिंदी अंजीर' या नावाखाली केला आहे. जुन्या फळाचे नाव नव्याला द्यावे लागणे, हे ते फळ त्यांना परके असल्याचे लक्षण होय.

दुसरा पुरावा प्रवासाच्या दिशेचा. अमेरिका खंडातील केळीच्या आगमनाविषयी ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने नोंद करून ठेवली आहे. तीनुसार 1516 साली तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूने कॅनरी बेटांतून केळीचे कंद सांतो दोमिंगो येथे नेले. हाच बेर्लांगा 1534 मध्ये पनामाचा बिशप झाला. म्हणजे ज्या वर्षी वसईचा तह झाला, त्याच वर्षी केळीचा हा वाहक पनामाच्या धर्मपीठावर नेमला गेला. केळ आशियातून पश्चिमेकडे गेली. पश्चिमेकडून कोकणात आली नाही.

वनस्पतिशास्त्रही याला पूरक आहे. सिमंड्स व शेफर्ड यांनी 1955 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार खाद्य केळी मुख्यतः 'मूसा अक्युमिनाटा' व 'मूसा बाल्बिसियाना' या दोन जातींपासून उद्भवल्या. कोकणातील राजेळी आणि पनामातील 'प्लातानो' या दोन्हींची गणना शिजवून खाण्याच्या 'प्लांटेन' या एकाच उपगटात होते. फळ सगोत्र, पण पाकपरंपरा मात्र भिन्न. पनामात हिरव्या केळ्याच्या जाड चकत्या तळून, दाबून चपट्या करून पुन्हा तळतात. त्यांना 'पाताकोनेस' म्हणतात आणि ते नाव एका जुन्या नाण्यावरून पडले असे मानले जाते. पिकलेले केळे साखर व दालचिनी घालून शिजवितात. केळे व दालचिनी यांची ही जोडी ओर्तालाही परिचित होती.

महाराष्ट्रात कच्च्या केळ्याची भाजी व काप, केळफुलाची भाजी, शिकरण असे प्रकार रूढ झाले. वसईचे वैशिष्ट्य मात्र तळण्यात नसून वाळविण्यात आहे. पिकलेली राजेळी सोलून काही दिवस उन्हात ठेवतात व वरचेवर उलटतात. साखर घालावी लागत नाही. पाण्याचा अंश उडाला की फळातील गोडी दाट होते आणि नाशिवंत माल टिकाऊ होतो. 1882 च्या ठाणे गॅझेटिअरने आगाशीच्या सुक्या केळ्यांचा लौकिक आवर्जून नोंदविला आहे.

हा भेद केवळ रुचीचा नव्हे. राजगडाच्या पाली दरवाज्याखालील पाली गाव असो की वसईची किनारपट्टी, धान्याचा आधार सर्वत्र होता. पालीच्या मावळात भात व नाचणी, वसईकडे भात. त्यामुळे केळ्याला मुख्य अन्नाचे स्थान मिळाले नाही. ते उपवासाचे, नैवेद्याचे, पानाचे व व्यापाराचे राहिले. पनामात भाताच्या जोडीनेही प्लातानोने रोजच्या जेवणात पोटभरीच्या अन्नाची जागा घेतली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरीकरणाने वसईची बागायत आक्रसली. सुकेळी करणारी घरे जसजशी कमी होतील, तसतसा हा पुरावाही पुसट होईल. कारण तो दप्तरांपेक्षा वाडीत आणि अंगणातच अधिक जतन झालेला आहे.