श्रद्धा वगळून केलेले वाचन : रमाबाई, टिळक आणि आपण

जुन्नरभोवतालच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत तीन यवन दात्यांची नावे आढळतात. इरिल, चिट आणि चंद ही ती नावे. कुणी पाण्याच्या पोढ्या खोदवून दिल्या, कुणी भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातून आलेली ही माणसे इथल्या धर्मासाठी दान करतात, ते इथल्या प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत नोंदवतात आणि तरीही आपण ‘यवन’ असल्याचे कोरून ठेवतात. धर्म एकीकडचा, कूळ दुसरीकडचे, भाषा तिसरीच. आणि या तिन्ही गोष्टी एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. त्यात त्या माणसांना विसंगती वाटलेली दिसत नाही.

याच तालुक्यातील ओतूर हे गाव परंपरेने तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात हाच परिसर सत्यशोधक चळवळीचे एक महत्त्वाचे केंद्र बनला. त्याच शतकात जुन्नर शहरात चर्च मिशनरी सोसायटीचेही ठाणे होते. लेणी, समाधी, सत्यशोधक लग्ने आणि मिशन यांचा शेजार ज्या भूमीला ठाऊक आहे, तिथे बसून मराठी ख्रिस्ती लेखकांविषयी विचार करणे म्हणूनच अस्थानी ठरू नये.

या लेखाचे निमित्त मात्र वर्गातील एका प्रश्नाचे आहे. पंडिता रमाबाईंवरील तास संपता संपता आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे एवढ्या शिकलेल्या बाई शेवटी पुन्हा धर्मातच अडकल्या, असंच ना?” प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. नंतर लक्षात आले, की हा प्रश्न तिचा नव्हताच. आम्ही ज्या पद्धतीने रमाबाई शिकवतो, त्या पद्धतीने तो तिच्या तोंडी घातला होता.

आम्ही काय शिकवतो? १८८२ मधील ‘स्त्रीधर्मनीति’ शिकवतो. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेला आर्य महिला समाज आणि हंटर आयोगापुढील साक्ष सांगतो. १८८७ चे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ आणि १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवृत्त यांचा उल्लेख करतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले आणि १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले, इथवर येऊन आम्ही थांबतो. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. मधली जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा मोठा भाग, ‘पुढे त्या केडगावला गेल्या’ अशा एका वाक्यात उरकला जातो. सुधारक रमाबाई आपल्याला हव्या असतात. श्रद्धाळू रमाबाई अडचणीच्या वाटतात. मराठी समीक्षेची ही सवय केवळ रमाबाईंपुरती नाही. म्हणून ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आपल्या निर्णयामागे नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. काशीत शास्त्राध्ययन केलेले, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले हे नीळकंठशास्त्री गोरे ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाशी सातत्याने वाद घालत होते. एकेश्वराची नीतिप्रधान कल्पना घ्यायची आणि ती ज्या श्रद्धेतून आली ती श्रद्धा मात्र नाकारायची, हे त्यांना पटत नव्हते. सुधारलेल्या मध्यमवर्गाला सोयीचा वाटणारा मधला रस्ता त्यांनी नाकारला, आणि रमाबाईंनीही.

पण बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई चर्चच्या आज्ञेत राहिल्या, असा समज कुणी करून घेऊ नये. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे सांगितला आहे, असे त्या विचारतात. क्रुसावरील अक्षरे आपल्याला परक्या असलेल्या लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असा त्यांचा आग्रह असतो. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे धर्माधिकारी सांगतात, तेव्हा त्याही बंधनाविरुद्ध त्या उभ्या राहतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतल्यावर ती दुसऱ्याच्या जोखडात घालणार नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. शाकाहार त्यांनी सोडला नाही आणि पांढरे लुगडेही सोडले नाही. गौरी विश्वनाथन यांनी १९९८ च्या ‘आउटसाइड द फोल्ड’ या ग्रंथात या संघर्षाला मध्यवर्ती स्थान दिले, ते योग्यच होय.

इकडे मायदेशी वेगळेच चित्र होते. धर्मांतरामुळे पुण्यातील अनेक सुधारक दुखावले गेले. त्यांची बाजू जाहीरपणे घेणारा आवाज आला तो जोतीराव फुले यांचा. १८८५ मधील ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, ग्रंथप्रामाण्यही त्यांनी मानले नाही. तरीही शास्त्रे वाचलेली एक स्त्री आपल्या बुद्धीने धर्म सोडते, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटली. ओतूर-जुन्नरच्या ज्या शेतकऱ्यांनी भटजीवाचून लग्ने लावली, त्यांच्या आणि रमाबाईंच्या बंडाचे नाते फुल्यांना दिसले होते.

१८९३ च्या वादाचा मुद्दाही आज नीट समजून घ्यावा लागतो. शारदा सदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत आणि त्या वेळी आपल्या खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली तिथे येऊन बसत. ‘केसरी’ने कठोर टीका केली, सल्लागार मंडळातील रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंना एक सोपा उपाय उपलब्ध होता : दार लावून घ्यायचे. आधुनिक सार्वजनिक जीवनाची श्रद्धेकडून हीच तर अपेक्षा असते, की तिने बंद दाराआड राहावे. त्यांनी दार लावले नाही. याची किंमत संस्थेने मोजली, हेही विसरून चालणार नाही. कारण त्या वादात ज्या बालविधवांचे शिक्षण थांबले, त्यांना कुणी विचारले नव्हते. पालकांची शंका सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येत नाही, कारण काही मुली पुढे खरोखरच ख्रिस्ती झाल्या. श्रद्धेवरील निष्ठा अशी नेहमीच निष्पाप परिणामांची नसते.

यानंतरची केडगावची वर्षे ही माघार होती काय? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. मुक्ती मिशनमध्ये त्यांनी शेती, विणकाम आणि छपाई यांचे शिक्षण उभे केले. १९०५ मध्ये तिथे जे धार्मिक पुनरुज्जीवन घडले, त्यातील सामूहिक रुदन आणि प्रार्थना आपल्या विवेकवादी मनाला अवघडवून टाकतात, हे मान्य केले पाहिजे. तर्ककठोर प्रश्न विचारणारी वाँटेजची तरुणी आणि ही रमाबाई एकच कशी, असे वाटते. परंतु याच काळातले त्यांचे मोठे वाङ्मयीन काम पाहिले, की हा दुवा सापडतो.

ते काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार सेरामपूरहून १८११ मध्येच निघाला होता आणि पुढे संपूर्ण बायबलही उपलब्ध झाले होते. तरी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे मूळ भाषांवरून नवे भाषांतर करण्यात घालवली. त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी केली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, बाहेर पडला. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या पंडितेने भाषांतरात संस्कृतप्रचुरता टाळली. खेड्यातल्या, नुकते अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचता यावे, हा एक हेतू होता. वैदिक आणि पौराणिक अर्थच्छटा घेऊन येणारे शब्द नकोत, हा दुसरा. सिद्धान्त ग्रंथात कुठे आहे असे ज्या बाईने १८८५ च्या सुमारास विचारले, तीच पुढे मूळ ग्रंथ स्वतः वाचून इतर बायकांच्या हाती ठेवते. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून ग्रंथ वाचण्याचा हक्क हा तिच्या बंडाचा गाभा होता आणि तिच्या श्रद्धेचाही. मराठी गद्याच्या इतिहासात या भाषांतराला जे स्थान मिळायला हवे ते मिळालेले नाही. धर्मग्रंथ म्हणून आपण ते बाजूला ठेवले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आपण असेच विभाजन केले आहे. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ते पाठ्यपुस्तकांत येतात. १० फेब्रुवारी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरची भजने आणि अभंग मात्र चर्चच्या गायनपुस्तकांत राहतात. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. ते खरे असेल तर त्या अभंगांचे वाचन वारकरी परंपरेच्या अभ्यासकाने करायला नको काय? टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बोलावले. श्रद्धा न सोडता मिशनऱ्यांची चौकट सोडता येते, हे त्यांनी दाखवले.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आपण आनंदाने वाचतो, पण बहुधा विनोदासाठी. त्यातील सोवळे सुटण्याचा प्रवास हा एका श्रद्धेतून दुसरीकडे जाण्याचाही प्रवास आहे. पतीने धर्म बदलल्यावर त्या लगेच मागे गेल्या नाहीत; १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना ‘ख्रिस्तायन’ किती वर्गांत उघडले जाते, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

श्रद्धेसह वाचणे म्हणजे ती श्रद्धा स्वीकारणे नव्हे. ज्ञानेश्वर वाचण्यासाठी नाथपंथी असावे लागत नाही. मात्र ज्ञानेश्वरीतून अद्वैत वगळून केवळ उपमा शिकवण्याचे धाडस आपण करत नाही. रमाबाई आणि टिळक यांच्या बाबतीत मात्र ते करतो, कारण त्यांची श्रद्धा आपल्याला ‘बाहेरची’ वाटते. जुन्नरच्या शिलालेखातील यवनाला त्याच्या काळाने असे वागवले नाही. त्याचे दान घेतले, त्याचे नाव त्याच्या कुळासह कोरले.

त्या विद्यार्थिनीचे उत्तर अजून द्यायचे आहे. पुढच्या तासाला वाँटेजची पत्रे आणि केडगावचे भाषांतर ही दोन्ही सोबत घेऊन जाईन आणि ‘अडकल्या’ या क्रियापदावरच चर्चा सुरू करीन. निष्कर्ष तिचा तिने काढावा. तिच्यापुढे निम्मेच आयुष्य ठेवण्याची चूक मात्र पुन्हा होऊ नये.